युद्धग्रस्त देशांत ‘व्हिजिट’ व्हिसावर कामाला पाठवणे थांबले पाहिजे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

परदेशात कुठे लढाई पेटली की तिथे अडकलेल्या भारतीयांच्या बातम्या आपण ठळकपणे छापता, त्यांना घेऊन येणाऱ्या विमानांची छायाचित्रेही देता, आणि ते योग्यच आहे. मात्र ती माणसे तिथे कोणत्या व्हिसावर गेली होती, त्यांचे पासपोर्ट कुणाच्या ताब्यात होते, आपल्या दूतावासाच्या दप्तरी त्यांची नोंद होती की नव्हती, हा तपशील बातमीत क्वचितच सापडतो. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे. अशांत देशात माणूस संकटात सापडला की पुढे त्याचे काय होणार, हे बऱ्याच अंशी त्याच्या प्रवेशाच्या कागदांवर ठरते, आणि ते कागद इथे, आपल्याकडे, लढाईच्या कितीतरी आधी तयार झालेले असतात. म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर क्षमा असावी.

परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणे, प्रमाणपत्रे साक्षांकित करून आणणे अशी कामे मी करतो, त्यामुळे असे कागद सतत नजरेखालून जातात. मध्यंतरी वेल्डिंगचे काम करणारा एक तरुण मोबाइलवर आलेला आपला व्हिसा दाखवायला आला होता. पश्चिम आशियातल्या ज्या देशात तो निघाला होता, तिथे जाणे टाळावे असा सल्ला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला होता. त्याला ते कुणी सांगितलेच नव्हते. त्याने व्हिसावर स्वतःचे नाव, फोटो आणि पासपोर्ट क्रमांक तेवढा तपासला होता. प्रकाराच्या रकान्यात ‘व्हिजिट’ असे होते, मुदत तीस दिवसांची, प्रवेश एकदाच, मालकाच्या नावाची जागा कोरी, आणि तळाला बारीक अक्षरांत या व्हिसावर नोकरी करता येणार नाही अशी स्पष्ट अट. फाइलमध्ये मात्र वेल्डर म्हणून दोन वर्षांच्या नोकरीचे ऑफर लेटर होते. एजंटाचा व्हॉइस मेसेज त्याने मला ऐकवला: “इमिग्रेशनवाल्यानं विचारलं तर फिरायला चाललोय म्हणून सांग. हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मी देतो. तिकडं उतरलास की कंपनी व्हिसा बदलून घेते, सगळ्यांचं असंच होतं.” व्याजाने काढलेले पैसे त्याने आधीच भरले होते.

हे असे का केले जाते, ते समजण्यासाठी आपला कायदा पाहावा लागतो. १९८३च्या उत्प्रवास (नोकरीसाठी देशाबाहेर जाण्याच्या) कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि सूट मिळालेल्या इतर कोणत्याही वर्गात न बसणाऱ्या कामगाराच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद असते, आणि त्याला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. इराक, लिबिया, येमेन, सीरिया, लेबनॉन, सुदान, दक्षिण सुदान आणि अफगाणिस्तान हे देश त्या यादीत आहेत. मंजुरीसाठी नोकरीचा व्हिसा, मालकाशी झालेला करार आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची पॉलिसी दाखवावी लागते. ही पॉलिसी दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत मिळते, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तिच्यातून १० लाख रुपये मिळतात. पर्यटनासाठी जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. एजंटाला हे पक्के ठाऊक असते. व्हिजिट व्हिसा काढला की करार नको, विमा नको, सरकारी पडताळणी नको. माणूस विमानात बसला की एजंटाचे काम संपले. तो गवंडी असो की सुतार, आपल्या देशाच्या नोंदींत तो पर्यटक म्हणून बाहेर पडलेला असतो.

शांत देशात या लबाडीचे परिणाम बहुधा दंड किंवा हद्दपारी इतकेच होतात. जिथे बंदुका चालू आहेत तिथे ते जिवावर येतात. जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुलवर आयसिसने कब्जा केला, तेव्हा तिथे बांधकामावर असलेले ४० भारतीय कामगार त्यांच्या हाती सापडले. एक निसटला. उरलेल्या ३९ जणांच्या घरच्यांनी जवळजवळ चार वर्षे वाट पाहिली, आणि २० मार्च २०१८ रोजी तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत त्यांच्या मृत्यूची माहिती दिली. बादुश येथील सामूहिक कबरीतून काढलेल्या अवशेषांची ओळख डीएनए तपासणीने पटवावी लागली. अवशेष मायदेशी आणताना तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी सांगितले की हे कामगार बेकायदा एजंटांमार्फत गेले होते आणि कोणत्याही दूतावासाकडे त्यांची नोंद नव्हती. पंजाब, बिहार, हिमाचल प्रदेश आणि पश्चिम बंगालमधली ही माणसे होती. त्यांना पाठवणारे एजंट त्यांच्या आसपासचेच असणार.

त्याच जून २०१४ मध्ये इराकमधल्याच तिक्रितच्या रुग्णालयात ४६ भारतीय परिचारिका अडकल्या होत्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्या सुखरूप कोचीला परतल्या. दोन्ही घटनांतला फरक केवळ कागदांमुळे पडला असे मी म्हणणार नाही, कारण शेवटी निर्णय बंदूकधाऱ्यांच्या हाती होता. पण त्या कुठे आहेत, किती आहेत, कोणत्या रुग्णालयात आहेत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, फोनवर बोलणे चालू होते, आणि म्हणून प्रयत्न कुठे करायचे हे तरी कळत होते. ज्याची नोंदच नाही त्याला शोधण्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसरी एक गोष्ट लोकांना अजिबात माहीत नसते. १९६७च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १९ नुसार, एखाद्या देशात सशस्त्र संघर्ष चालू असल्याची अधिसूचना केंद्र सरकारने काढली तर आपला पासपोर्ट त्या देशापुरता वैधच राहत नाही. तिथे जायचे तर सरकारची खास परवानगी लागते. समोरच्या देशाने व्हिसा दिला म्हणून आपल्या देशाची मनाई उठत नाही. लिबियात जाण्यावर मे २०१६ मध्ये अशी पूर्ण बंदी घालण्यात आली होती, तरीही सप्टेंबर २०२० मध्ये तिथे सात भारतीयांचे अपहरण झाले तेव्हाच अनेकांना त्या बंदीची प्रथम माहिती झाली. ट्युनिशियातल्या आपल्या दूतावासाच्या प्रयत्नांनी ते पुढच्या महिन्यात सुटले. येमेनसाठीची बंदी सप्टेंबर २०१७ पासूनची आहे. ती किती कडक असते याचे उदाहरण म्हणजे सानाच्या तुरुंगात खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या केरळच्या परिचारिकेची आई. मृताच्या कुटुंबाशी बोलून मुलीचा जीव वाचवता येईल का हे पाहण्यासाठी तिला येमेनला जायचे होते. त्यासाठी तिला दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याची मुभा मिळाली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ती एडनमध्ये उतरून पुढे सानाला पोहोचली. एका आईला इतके करावे लागते, तिथे “सेटिंग आहे” म्हणून माणसे पाठवू पाहणाऱ्या एजंटाच्या शब्दावर कुणी विश्वास का ठेवावा?

एडन आणि साना यांचा उल्लेख मुद्दाम केला. नकाशावर देश एक दिसतो, पण युद्ध चालू असलेल्या ठिकाणी कोणत्या दारातून आत शिरता याला अतोनात महत्त्व असते. एडन आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या सरकारकडे आहे, साना हौथी बंडखोरांच्या ताब्यात आहे, आणि एका बाजूचा कागद दुसऱ्या बाजूच्या नाक्यावर चालेलच असे नाही. इराकमध्ये कुर्दिस्तान प्रांताचा व्हिसा वेगळा असतो. तो घेऊन एर्बिलला उतरलेल्या माणसाला त्याच व्हिसावर बगदादला जाता येत नाही. कामगाराला हे कोण सांगणार? कंपनीची साइट एर्बिलहून मोसुल किंवा किर्कुककडे हलली आणि मुकादमाने गाडीत बसायला सांगितले की तो बसतो, आणि एका नाक्यापलीकडे तो कायद्याने घुसखोर ठरतो.

म्यानमारची गोष्ट तर याहून वाईट आहे. थायलंडमध्ये भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. बँकॉकला ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून मुलांना नेले जाते, गाडीने सीमेवरच्या माए सोतपर्यंत आणले जाते आणि मोएई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावड्डीत उतरवले जाते. म्यानमारचा व्हिसा त्यांच्याकडे नसतोच. तिथल्या सशस्त्र गटांच्या छत्राखाली चालणाऱ्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर त्यांना मारझोड करून कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून अधिक भारतीयांना माए सोतहून परत आणले. ही मुले बहुतेक शिकलेली, संगणक येणारी होती, हे लक्षात घ्यावे. अडाणी माणूसच फसतो हा समज आता सोडून द्यायला हवा.

व्हिसा-माफी म्हटले की आपल्याला आनंद होतो, बातम्याही तशाच कौतुकाच्या येतात. इराणने फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. त्या सवलतीचा आधार घेऊन, नोकरी देतो किंवा तिथून तिसऱ्या देशात पोहोचवतो असे सांगून माणसे नेली गेली, आणि उतरल्यावर त्यांचे अपहरण करून घरच्यांकडे खंडणी मागितली गेली. अखेर २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने ती सवलत स्थगित केली. आता जाणाऱ्याने आधी व्हिसा घेतला पाहिजे. काही प्रवासी कंपन्यांना हे गैरसोयीचे वाटेल. मला तो दिलासा वाटतो, कारण व्हिसाच्या अर्जात निदान जाण्याचे कारण आणि राहण्याचा पत्ता लिहावा लागतो.

विद्यार्थ्यांविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. २०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून युक्रेनमधून साडेबावीस हजारांवर भारतीय परत आले. पोलंडने तेव्हा व्हिसा नसलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही सीमा ओलांडू दिली. ती माणुसकी होती, नियम नव्हता, आणि ती प्रत्येक वेळी मिळेल हे गृहीत धरता येत नाही. त्यातले काही विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा गेले. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. प्रवेश शेजारच्या देशातून रेल्वेने किंवा रस्त्यानेच. म्हणजे पोलंडमार्गे जायचे तर युक्रेनच्या व्हिसाबरोबर शेंगेनचा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणारा) व्हिसा लागतो, आणि तो एकदाच प्रवेश देणारा असेल तर जाताना पोलंड सोडून युक्रेनमध्ये शिरल्याबरोबर संपतो. परत यायची वेळ आली की सीमेवर हातात काहीच नसते. जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी हा एक रकाना, किती वेळा प्रवेश हा, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा.

लहान वाटणारे कागदही वेळेला आडवे येतात. एप्रिल २०२३ मध्ये सुदानची राजधानी खार्टूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली, तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’तून सुमारे ३,८०० भारतीय पोर्ट सुदान आणि जेद्दामार्गे मायदेशी आले. खार्टूमहून पोर्ट सुदानपर्यंत साडेआठशे किलोमीटरची बस, मग नौदलाचे जहाज, मग विमान. इतके करून विमानतळावर उतरल्यावर त्यांच्यापैकी काहींना विलगीकरणात ठेवावे लागले, कारण पीतज्वराची लस घेतल्याचे प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हते. ही लस ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते, तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते आणि पुढे आयुष्यभर चालते. जाण्याआधी ती घेणे जाणाऱ्याच्या हातात असते.

पासपोर्टचेही तसेच. उतरल्याबरोबर मालक तो ‘इकामा (राहण्याचा परवाना) काढायला’ म्हणून घेतो आणि परत देत नाही, ही पश्चिम आशियातली जुनी तक्रार आहे. येमेनमधून २०१५ मध्ये ‘ऑपरेशन राहत’मध्ये साडेचार हजारांहून अधिक भारतीयांना बाहेर काढले गेले, त्या वेळी मालकाने पासपोर्ट अडवून ठेवल्याच्या आणि देश सोडण्याची परवानगी न दिल्याच्या तक्रारी परिचारिकांनी केल्या होत्या. पासपोर्ट नसेल तर दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो, पण त्यासाठीही आपण कोण आहोत हे सिद्ध करावे लागते. पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची, व्हिसाची आणि कराराची प्रत घरी आईवडिलांकडे किंवा बायकोकडे ठेवून जाणे, आणि पोहोचल्यावर दूतावासाकडे नाव नोंदवणे, या दोन गोष्टींना एक पैसा लागत नाही. तरीही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या केलेल्या असतात. नेहमीच्या प्रवास विम्यावर भरवसा ठेवणाऱ्यांनीही पॉलिसी वाचावी. बहुतेकींत युद्धामुळे झालेली हानी वगळलेली असते.

सरकारकडून अपेक्षा आहे ती या १८ देशांच्या यादीबाबत. ती तयार झाली तेव्हा कामगारांचा ओघ मुख्यतः आखातात होता. आज म्यानमार, इराण, रशिया, युक्रेन, इस्रायल यांपैकी एकही देश तीत नाही. रशियात मदतनीसाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना सैन्यात भरती केल्याप्रकरणी मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. त्या तरुणांना जाताना कोणतीही उत्प्रवास मंजुरी लागली नव्हती. इस्रायलला सरकारी करारातून गेलेल्या बांधकाम कामगारांबाबत मतभेद असू शकतात, पण निदान ते नोकरीच्या व्हिसावर गेले आणि त्यांची नावे दोन्ही सरकारांकडे आहेत. दहावी झालेल्यांना तर यादीतल्या देशांसाठीही मंजुरी लागत नाही. त्यांच्याही नोंदणीची सक्ती जानेवारी २०१९ पासून करण्याचे ठरले होते, आणि ती लागू होण्याआधीच स्थगित झाली. गैरसोय होईल हे कारण तेव्हा पुढे आले. निदान ज्या देशांबाबत प्रवासाचा इशारा लागू आहे, तिथे नोकरीला जाणाऱ्या प्रत्येकाची, मग पासपोर्ट कोणताही असो, नोंद सक्तीची करावी, आणि ते इशारे मराठीतही प्रसिद्ध व्हावेत. आज ते प्रामुख्याने इंग्रजीत येतात आणि ज्याने वाचायला हवेत त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. परवान्याशिवाय भरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. इतक्या वर्षांनी त्या दंडाला काय अर्थ उरला आहे, हे सांगायला नको.

आपल्याकडून एक विनंती आहे, आणि तीच या पत्राचे मुख्य कारण आहे. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘परदेशात त्वरित भरती, राहणे-जेवण मोफत’ अशा मजकुराच्या चौकटी येतात, आणि त्यांतल्या काहींत फक्त मोबाइल क्रमांक असतो. नोंदणीकृत भरती एजंटाला परवाना क्रमांक मिळालेला असतो आणि तो त्याने कार्यालयात तसेच जाहिरातींत ठळकपणे दाखवणे अपेक्षित आहे. ‘ई-मायग्रेट’ या परदेशी नोकरभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की परवाना चालू आहे, निलंबित आहे की मुदत संपलेला आहे, हे काही मिनिटांत दिसते. एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते, हेही वाचकांना कळले पाहिजे. आपल्या जाहिरात विभागाने परवाना क्रमांक नसलेली परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारू नये, स्वीकारण्यापूर्वी तो क्रमांक संकेतस्थळावर पडताळून पाहावा, आणि प्रवासाचा इशारा लागू असलेल्या देशातील कामासाठी व्हिसाचा प्रकार जाहिरातीतच छापण्याचा आग्रह धरावा. ज्यांच्या घरी दुसरे काही येत नाही त्यांच्या घरीही आपले दैनिक पोहोचते, म्हणून ही सुरुवात आपल्याकडून व्हावी. पडताळणी कशी करायची ते आपल्या जाहिरात विभागातील सहकाऱ्यांना दाखवायला मी केव्हाही येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
एक वाचक
(नाव व पत्ता संपादकीय विभागाकडे दिला आहे)